शहरातल्या नदीकाठच्या राखीव रानात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या गजबजाटापासून पंधरा-वीस मिनिटं चाललं की नदीच्या कडेला एक कुंपण लागतं. एक फाटक, आत थोडी झाडी, थोडा चिखल, बरंच गवत. जगभर कितीतरी शहरांच्या पोटात अशा जागा आहेत. त्यातल्या एका ठिकाणी गेली काही वर्षं मी नवख्या माणसांना फिरवून आणते. प्रश्न ठरलेले असतात. काही फाटकापाशी विचारले जातात, काही परत निघताना, आणि काही कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, हळूच. ते सगळे इथे घेतले आहेत. वेळा, प्रवेश आणि परवानग्यांचे नियम जागेगणिक बदलतात. त्याबाबतीत फाटकावरची पाटी आणि पहारेकरी सांगेल ते खरं.

एवढ्याशा जागेत बघायला असं काय असणार?

नुसतं चालून आलात तर फार काही नाही. दहा मिनिटांत पलीकडचं कुंपण लागेल आणि तुम्ही "झालं?" असं विचाराल. छोट्या जागेत चालायचं कमी आणि थांबायचं जास्त. या अख्ख्या पानावर मला खरं तर एवढंच सांगायचं आहे, बाकीचं सगळं त्याच्या अनुषंगाने.

नदीकाठाची गंमत अशी की शंभर पावलांत चार बिऱ्हाडं असतात: वाहतं पाणी, उथळ चिखल, लव्हाळ्यांची दाटी आणि मग मोठी झाडं. प्रत्येक ठिकाणचे राहणारे वेगळे. चिखलावर तुतवार शेपटी हलवत किडे टिपत असतो, त्याच्यापासून हातभर अंतरावर लव्हाळ्यात पाणकोंबडी दडलेली असते, आणि दोघांना एकमेकांची फिकीर नसते.

शिवाय स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या नजरेतून बघा. रात्रभर उडून पहाटे खाली पाहिलं तर चहूकडे सिमेंट आणि मधेच एक हिरवा ठिपका. तो क्षेत्रफळ मोजत बसत नाही. पाणी आहे का, खायला आहे का, अंग टेकायला आडोसा आहे का, एवढंच बघतो. लंडनमध्ये थेम्स नदीच्या वळणावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले पाणीसाठ्याचे चार हौद निरुपयोगी होऊन पडले होते. त्यांची पाणथळ जागा करून ती २००० साली लोकांना खुली केली. आधी पक्ष्यांची जागा आणि मग तिच्याभोवती शहर, असंच घडायला हवं असं काही नाही.

नक्की दिसेल अशी हमी कशाची देता?

कशाचीच नाही. पण पाणी आणि मासे असतील तर चार मंडळी सहसा हजर असतात: बगळा, पाणकावळा, खंड्या आणि धोबी.

बगळा म्हणजे संयमाचा पुतळा. राखी बगळा गुडघाभर पाण्यात असा उभा राहतो की नवखी माणसं त्याला खुंट समजतात. तो उडाला की मान बघा. बगळे मान दुमडून उडतात, करकोचे आणि क्रौंच ती सरळ ताणून. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी लांबून अर्धी ओळख पटते.

पाणकावळा खडकावर पंख पसरून बसलेला दिसेल. तो ऐटीत उभा आहे असं वाटतं, पण तो कपडे वाळत घालतोय. त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग बदकांच्या पिसांपेक्षा लवकर भिजतो. त्यामुळे अंगात हवा कमी अडकते आणि बुडी मारायला सोपं जातं. बाहेर आल्यावर मग उन्हात उभं राहावं लागतं.

खंड्याला बघायचं असेल तर पाण्यावर झुकलेली एखादी निष्पर्ण फांदी शोधा आणि तिच्यावर नजर ठेवा. त्याच्या फांद्या ठरलेल्या असतात. तो सूर मारतो, मासा घेऊन त्याच फांदीवर येतो आणि माशाला दोन्ही बाजूंनी फांदीवर आपटतो. चट्, चट् असा आवाज वारा नसेल तर ऐकू येतो. मग तो मासा चोचीत फिरवतो. इथे नीट बघा. माशाचं डोकं खंड्याच्या घशाकडे असेल तर तो स्वतः गिळणार. डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर मासा दुसऱ्यासाठी आहे: बिळातल्या पिल्लांसाठी, नाहीतर जोडीदारासाठी. कारण भरवताना मासा डोक्याकडूनच घशात गेला पाहिजे, नाहीतर खवले आणि पर अडकतात. पहिल्यांदा हे ओळखता आलं तेव्हा मला कुणाचं तरी पत्र उघडून वाचल्यासारखं वाटलं होतं.

कोणत्या वेळी यावं?

उजाडताना. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचा एक. भर दुपारी पक्षी सावलीत बसून राहतात, आणि शहाणी माणसंही तेच करतात. दुपारीच जमणार असेल तर पक्ष्यांचा नाद सोडा आणि चतुर बघा. त्यांना ऊनच लागतं. बसल्यावर पंख विमानासारखे पसरलेले राहिले तर तो चतुर. पंख बहुतेक पाठीवर मिटून घेणारी, काडीसारखी बारीक असेल ती टाचणी. दोघांचंही बालपण पाण्याखाली जातं, कधी काही आठवडे, कधी काही वर्षं. ग्लोब स्किमर नावाचा एक पिवळसर चतुर तर हिंद महासागर ओलांडून जातो. तो लव्हाळ्याच्या टोकावर विसावलेला दिसला की "कुठून आलास रे बाबा" असं विचारावंसं वाटतं.

ऋतूंबद्दल थोडक्यात: स्थलांतराच्या दिवसांत पाहुणे, विणीच्या दिवसांत घरचे. मोठा पाऊस पडून गेल्यावर लगेच येऊ नका. पाणी चढलेलं असतं, चिखलाचे किनारे बुडालेले असतात, आणि चिखलावर पोट असणारे पक्षी दुसरीकडे गेलेले असतात. पाणी ओसरून ओला काठ उघडा पडला की मात्र जरूर या.

किती वेळ काढून यावं?

दीड तास. त्यातली निदान वीस मिनिटं एकाच जागी बसून. पहिली पाच मिनिटं सगळं गप्प होतं, कारण तुम्ही आलात. मग एखादा धोबी परत येतो, मग बेडूक सुरू होतात, आणि पंधराव्या मिनिटाच्या आसपास समोरचा तो खुंट पाय उचलतो.

दुर्बीण हवीच का? कोणती घ्यावी?

हवीच असं नाही, पण एकदा डोळ्याला लावली की सोडवत नाही. दुर्बिणीवर ८ × ४२ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. इथे ती ५.२५ मिलिमीटर, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडालाही पुरेशी. लोक १० किंवा १२ पटीच्या मागे लागतात. त्यात हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते आणि नजरेत मावणारा भाग कमी होतो. नदीकाठी अंतरं फार नसतात, ८ पट भरपूर झाली.

दुर्बीण नसेल तर ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा गॉगल आणा. पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि एकदम खालचे मासे, शेवाळ, दगड दिसू लागतात. मुलांना हा चमत्कार दुर्बिणीपेक्षा जास्त आवडतो.

कपडे कसे असावेत?

मातकट, मळखाऊ. टोपी. पूर्ण बाह्या, पूर्ण पाय झाकणारी पँट आणि बंद बूट, डासांसाठीही आणि गवतासाठीही. सळसळणारा जॅकेट मात्र घरीच राहू द्या. त्याचा आवाज तुम्हाला येत नाही, बाकी सगळ्यांना येतो.

नदीला वास का येतो? आणि पाणी इतकं घाण असूनही पक्षी कसे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी लगेच बाजूला घेते, कारण याचं खरं उत्तर फलकांवर सहसा नसतं.

शहरातून आलेल्या नदीत बहुतेकदा सांडपाणी मिसळलेलं असतं. ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. तो संपला की प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं, आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. उन्हाळ्यात वास वाढतो त्यालाही कारण आहे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम ७.६. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा निम्म्यावर आलेला असतो.

आता पक्षी. लांब गुलाबी पायांचे काळे-पांढरे शेकाटे दिसले की लोक खूश होतात: इतके पक्षी, म्हणजे नदी चांगलीच असणार! दुर्दैवाने उलटंही असू शकतं. घाण गाळात काही माश्यांच्या लाल अळ्या बेसुमार वाढतात. त्या लाल का, तर त्यांच्या शरीरात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. जवळपास प्राणवायू नसलेल्या चिखलातही त्या तगून राहतात, आणि शेकाट्यांना आयतं ताट मिळतं. तेव्हा पक्ष्यांची नुसती संख्या बघून नदीला गुण देऊ नका. काठाजवळचा एखादा दगड उलटून बघा (आणि होता तसा परत ठेवा). खाली मेफ्लाय किंवा स्टोनफ्लाय या किड्यांची पिल्लं असतील तर पाणी बरं आहे, कारण त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. फक्त लाल अळ्या असतील तर काय समजायचं ते समजा.

आणि वास येतो म्हणून परत जाऊ नका. पाच-दहा मिनिटांत नाक सरावतं.

वाहनांचा एवढा गोंगाट चालू असतो, पक्षी कसे राहतात?

काही राहत नाहीत, निघून जातात. जे राहतात ते जुळवून घेतात. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट पक्ष्यांचा अभ्यास झाला होता, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या भागातले नर आपल्या गाण्यातल्या खालच्या सुरांची पट्टी चढवून गातात असं त्यात दिसलं. वाहनांची घरघर खालच्या सुरातली असते. तिच्यात आपलं गाणं बुडू नये म्हणून ते वर सरकतात. रविवारी पहाटे रस्ता निवांत असताना या आणि मग कामाच्या दिवशी त्याच बाकावर बसा. ऐकण्यातला फरक तुमचा तुम्हाला कळेल.

गवत कापत नाहीत, पडलेली झाडं उचलत नाहीत. देखभाल होत नाही का?

होते. हीच ती देखभाल. बागेत आणि राखीव रानात फरक आहे तो हाच.

वाळलेलं उभं झाड म्हणजे सुतारपक्ष्याचं घर, आणि तो सोडून गेला की पोपटांचं किंवा घुबडांचं. आडवं पडलेलं खोड कुजत कुजत बुरशी, भुंगेरे आणि गोमी पोसतं. उंच गवताच्या मुळाशी अंडी असतात. हा कचरा उचलला की पहिल्यांदा किडे जातात, मग ते खाणारे. एका सज्जनाने मला कळवळून सांगितलं होतं, "जरा झाडून घेतलं तर किती छान दिसेल." दिसेल हो.

काढतात ती जलपर्णी, आणि ती काढलीच पाहिजे. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही फुलं शोभेसाठी म्हणून जगभर नेली गेली. अनुकूल पाणी मिळालं तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट पसरू शकते. खालच्या पाण्यात ऊन पोचत नाही, मासे घुसमटतात. तुम्ही येता त्या दिवशी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून ती ओढत असतील तर नाक मुरडू नका. शक्य असेल तर हात लावा.

काठाला भिंत बांधून नदी सरळ का करत नाहीत? पूर तरी थांबतील.

बऱ्याच शहरांनी तसं करून पाहिलं, आणि त्यातली काही आता बांधलेलं फोडत आहेत. सिंगापूरमध्ये कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा एका उद्यानातून जात होता. तो काढून नदीला वळणं दिली, लांबी ३.२ किलोमीटर झाली, आणि २०१२ साली ती जागा लोकांसाठी खुली झाली. जोराचा पाऊस आला की पाणी हिरवळीवर पसरतं आणि उतरलं की लोक पुन्हा फिरायला येतात. म्युनिकने इझार नदीचा शहरातला सुमारे ८ किलोमीटरचा पट्टा २००० ते २०११ या काळात असाच मोकळा केला.

तत्त्व साधं आहे. सरळ नळीतून पाणी वेगाने धावतं आणि पुढच्या वस्तीवर जाऊन आदळतं. वळणात, गवतात, खाचरात ते रेंगाळतं, थोडं मुरतं. तुम्ही उभे आहात ती चिखलाची जागा नदीचीच आहे. वर्षातले काही दिवस ती वापरायला येते, म्हणून त्या दिवसांत फाटक बंद असतं.

म्हणजे येऊन परत जावं लागू शकतं?

हो. पूर, वादळ, विणीचा हंगाम, कधी आजारी पक्ष्यांची साथ. निघण्याआधी चौकशी करा. आत असताना ढगांचा गडगडाट ऐकू आला तर एकट्या झाडाखाली किंवा पाण्याजवळ थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं होईपर्यंत बाहेर पडायचं नाही.

बदकांना पाव टाकला तर चालेल का?

नाही. मला माहीत आहे, लहानपणी टाकला होता, मजा आली होती. मीही टाकला आहे.

पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. वाढत्या पिल्लांना असलं खाणं सतत मिळालं तर पंखाचा शेवटचा सांधा बाहेर वळतो असं आढळतं. तो पक्षी आयुष्यभर उडू शकत नाही. उरलेला पाव पाण्यात कुजतो, शेवाळ माजतं, उंदीर येतात. एकाच कोपऱ्यात गर्दी झाली की रोगही झपाट्याने पसरतात.

पावाचा योग्य उपयोग करताना फक्त एकच प्राणी नोंदला गेला आहे असं मी गमतीने म्हणते. हिरवट पाठीचा छोटा बगळा माणसांनी टाकलेला पावाचा तुकडा उचलतो, स्वतः खात नाही, पाण्यावर ठेवतो, आणि तो खायला आलेला मासा पकडतो. गळ टाकून बसलेला मच्छीमारच तो.

फोटो काढता येतील का? पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवला तर तो जवळ येतो म्हणतात.

फोटो जरूर काढा, फ्लॅश बंद ठेवून. सूर्य पाठीशी घ्या, खाली बसून पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढा. घरट्याचे फोटो काढू नका, आणि काढलेच तर ठिकाण उघड करू नका. फोटोसाठी आलेल्या माणसांच्या येण्याजाण्याने घरट्याकडे जाणारी पाऊलवाट तयार होते. त्या वाटेने मग कावळा आणि मांजर येतात.

आवाज वाजवणं बंद म्हणजे बंद. पक्षी जवळ येतो हे खरं, पण कशासाठी? आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून भांडायला. तो घरटं सोडून येतो, न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो आणि दमतो. विशाल जंगलात हे एकदा झालं तर खपून जाईल. या तळहाताएवढ्या जागेत त्याच पक्ष्याच्या वाट्याला दिवसातून दहा वेळा येतं. ड्रोनबद्दलही हेच, त्यात तो वरून येतो, शिकाऱ्यासारखा.

किती जवळ गेलेलं चालतं?

पक्षीच सांगतो. खाणं थांबवून त्याने मान वर केली की तुम्ही पुरेसे जवळ आलात. शरीर ताठ झालं, शेपूट फडकली की जास्तच. उडाला तर चूक तुमची. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर एक पाऊलही पुढे टाकू नका. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात, खड्यांसारखी ठिपकेदार. दिसणार नाहीत, पण पायाखाली येतील. आलात त्याच वाटेने मागे फिरा. चिखल्या तर पंख मोडल्याचं नाटक करून तुम्हाला घरट्यापासून लांब नेतो. इतका झकास नट असतो की माणसं खरोखर "बिचारा" म्हणत त्याच्या मागे जातात.

आमचा कुत्रा अगदी शांत आहे…

असेल. जमिनीवर अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीला ते ठाऊक नसतं. बहुतेक अशा जागी कुत्र्यांना मनाई असते, साखळीला बांधलेल्यांनाही.

लहान मुलं कंटाळतील का?

पक्ष्यांची नावं पाठ करून घेतलीत तर नक्की. त्यांना जमिनीकडे बघू द्या. चिखलातले पायाचे ठसे, गळालेली पिसं (बघून तिथेच ठेवायची), खंड्याने ओकून टाकलेली काट्यांची छोटी गोळी, गोगलगाय. एका पाच वर्षांच्या मुलीने पाऊण तास मुंग्यांची रांग पाहिली, आणि तिच्या बापाने तेवढा वेळ मला "पण पक्षी कधी?" असं विचारलं. पाण्याच्या कडेला मात्र मूल हाताच्या अंतरावर हवं. नदीचा काठ खालून पोखरलेला असतो, वरून कळत नाही.

साप असतात का?

असतात, आणि असायलाच हवेत. बेडूक आणि उंदीर आहेत तिथे साप आहेत. तुमच्या पावलांची थरथर जाणवली की बहुतेक वेळा ते आधीच निघून जातात. वाट सोडू नका, दिसत नाही तिथे हात घालू नका, ओंडक्यावर बसण्याआधी पलीकडे डोकावून बघा. चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. अंगठी, घड्याळ काढा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.

पाण्यात पाय बुडवले तर?

शहरातल्या नदीत नको. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पाण्यातून आणि चिखलातून, पायावरच्या बारीकशा खरचटण्यातूनही शिरतो. चिखल लागला तर साबणाने धुवा. नंतर काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना नदीवर गेल्याचं आठवणीने सांगा.

पिल्लू जमिनीवर पडलेलं दिसलं, काय करू?

आधी काहीच नाही. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुधा पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आई आसपास असते आणि तुम्ही जाण्याची वाट बघत असते. लांब जा, बघत राहा. अगदी उघडं, पिसं नसलेलं पिल्लू असेल आणि घरटं हाताला येत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही नुसती समजूत आहे. जखमी असेल, किंवा मांज्यात अथवा गळाच्या दोऱ्यात अडकलं असेल, तर स्वतः ओढाताण न करता पहारेकऱ्याला बोलवा.

चाकाच्या खुर्चीतून येता येईल का?

जागेवर अवलंबून. लाकडी फळ्यांची वाट असेल तर उत्तम, पण ओल्या फळ्यांवर चाक घसरतं. फोन करून उतार, बाक आणि शौचालय यांबद्दल नेमकं विचारा. "सोय आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. एकाच जागी बसून बघायचं असल्यामुळे पहिल्या बाकापर्यंत पोचता आलं तरी सकाळ वाया जात नाही.

नावं ओळखता येत नाहीत. ॲप वापरू का?

वापरा. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन आवाजावरूनही नाव सुचवतं. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्डवर तुमची यादी नोंदवता येते, आणि झाडं, किडे, बुरशी यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट आहे. मात्र मर्लिनने नाव सुचवलं म्हणजे तो पक्षी दिसला असं नव्हे. डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय यादीत घालू नका. आणि नेहमीच्या पक्ष्यांचीही संख्या लिहा. सगळे दुर्मीळ पक्ष्याच्या मागे असतात. साधे पक्षी कमी होऊ लागले तर कळणार कसं?

संध्याकाळी थांबण्यासारखं काही असतं का?

जवळ जुना पूल असेल तर त्याच्या खालच्या फटींकडे बघा. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या काँग्रेस ॲव्हेन्यू पुलाखाली उन्हाळ्यात सुमारे १५ लाख वटवाघळं राहतात आणि अंधार पडताना धुरासारखी बाहेर पडतात. आपल्या पुलाखाली पंधरा असतील, तरी पाण्यावरचे डास टिपताना ती जी वळणं घेतात ती बघत राहावीत. फाटक बंद होण्याची वेळ तेवढी विसरू नका. पहारेकऱ्यालाही घर असतं.

दोनदा आलो, काहीच दिसलं नाही.

हे मला एक गृहस्थ अगदी चिडून सांगत होते, डेरेदार झाडाखालच्या बाकावर बसून. मी मान वर करून बघत होते आणि त्यांना ते उद्धटपणाचं वाटत होतं. त्यांच्या डोक्यावर, पानांच्या दाटीत, सहा रातबगळे मान खांद्यात घालून झोपले होते. दिवसभर ते असेच असतात. मी बोट वर केलं तेवढ्यात त्यातल्या एकाने जागं होऊन त्यांच्या खांद्यावर पांढराशुभ्र सडा घातला. त्यांनी रुमाल काढला, वर पाहिलं, आणि पुसायचं विसरून मोजायला लागले.